दोन ताऱ्यांचा अंक

१

दैनिक ‘जनपथिक’च्या फाइलींच्या खोलीत शुक्रवारी चोरी झाली, आणि चोर कोण ठरला, तर बापू पांढरीपांडे. आता काय म्हणावं या न्यायाला? ज्या माणसानं त्रेपन्न वर्षं त्या इमारतीत घालवली आणि तिथली अर्धी पेन्सिलसुद्धा कधी खिशाला लावून घरी आणली नाही, त्याच्या नावानं शनिवारी संध्याकाळी कागद निघाला. जून १९७५ ची बांधीव फाइल सोमवारी सकाळी दहापर्यंत परत आली नाही, तर पोलिसांत तक्रार.

कागद घेऊन बापू जबलपुरातल्या रांझीच्या घरी आले, चपला काढल्या आणि देवघरासमोरच्या खुर्चीत बसले. त्यानंतर त्यांनी अन्नाला हात लावला नाही. रविवारी सकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सुमेधानं, भरलेली दुसरी ताटली तशीच उचलून आत नेली. वय त्र्याहत्तर, साखरेचा आजार, आणि पोटात नुसतं पाणी. ओट्याशी उभी राहून ती एकदा पोटभर रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

वडील गेले तेव्हा सुमेधा बारा वर्षांची होती. वीस वर्षांच्या बापूंनी कॉलेज सोडलं आणि ‘जनपथिक’च्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला उभे राहिले. तिला शिकवलं, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चिकटवलं, स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. पुढं खिळे गेले, संगणक आले, आणि बापू फाइली सांभाळायला लागले. निवृत्त झाले तरी रोज जायचेच. फाइली आणि सुमेधा, या दोन गोष्टींपलीकडे त्या माणसाला संसार नव्हता.

आणि नेमकी तीच फाइल. आणीबाणी लागली त्या आठवड्यातली. अठ्ठावीस जूनच्या अंकात पहिल्या पानावर अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. पेपरचे संस्थापक भाऊराव किल्लेदार यांनी सरकारी निर्बंधांचा तो निषेध केला आणि एकोणीस महिने तुरुंगात गेले. त्या रात्री बापू कामावर होते. ही गोष्ट सुमेधानं इतक्यांदा ऐकली होती, की शाळेत तिनं त्यावर निबंधही लिहिला होता.

पण आता पेपरच्या पंचाहत्तरीसाठी इतिहास लिहिणाऱ्या श्रद्धा नावाच्या मुलीला जबलपूरजवळच्या सिहोऱ्यात त्याच तारखेचा दुसरा अंक सापडला होता. त्यात जागा कोरी नव्हती. त्यात आणीबाणीचं तोंडभरून कौतुक होतं. मग लोकांनी दोन आणि दोन चार केले. कोऱ्या जागेची गोष्ट बनावट, बापूंनी ती पन्नास वर्षं पोसली, आणि खोटं उघडं पडायच्या भीतीनं फाइलच गायब केली.

"मी जाऊन राहिली ऑफिसात," सुमेधा पर्स घेत म्हणाली. "फाइल शोधल्याशिवाय येत नाही."

कालपासून पहिल्यांदा बापूंनी मान वर केली.

"नको शोधू, सुमे," ते म्हणाले. "माझी शपथ आहे तुला. ती फाइल नको शोधू."

२

शपथेला कोण जुमानतो, माणूस डोळ्यांदेखत वाळत असताना?

‘जनपथिक’चं जुनं कार्यालय सराफ्याच्या मागच्या गल्लीत आहे. आता पेपर राष्ट्रीय झाला, दिल्लीत काचेची इमारत झाली, पण मूळ गादी इथली. वर्धापनदिन गुढीपाडव्याला, कारण भाऊरावांनी पहिला अंक पाडव्याला काढला होता. यंदा गुरुवारी पाडवा होता आणि मंत्री येणार म्हणून जिन्यावर रंगाचा वास दरवळत होता.

भाऊरावांचा नातू अनिमेष आता सगळं पाहतो. पंचेचाळिशीचा, गोरटेला, मराठी समजतं पण बोलताना हिंदीचा टेकू लागतो.

"सुमेधाजी, मला काय आनंद होतो का? बापूकाकांनी मला कडेवर खेळवलंय. लेकिन चाबी त्यांच्याचकडे होती ना. मैं क्या करूँ?"

त्याच्या खुर्चीमागं भिंतभर एक चित्र होतं. पन्नाशीच्या विशेषांकात छापलेला कोऱ्या जागेच्या अंकाचा फोटो, मोठा करून मढवलेला. सुमेधा उठून जवळ गेली. पस्तीस वर्षं तिनं कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. तोफगोळ्यावर ठोकलेला नंबर उलटा असो, गंजलेला असो, अर्धा पुसलेला असो, तिला तो वाचता यायचा. सवय मोडत नाही. तिनं पेपरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, तारखेशेजारी छापलेले दोन बारीक तारे पाहिले, मग ती चौकोनी कोरी जागा पाहिली.

"हा फोटो खरा असला तर भांडण कशाचं आहे?"

"श्रद्धा म्हणते, पन्नाशीला कोणीतरी बनवला असेल. ओरिजिनल दाखवा म्हणते. गुरुवारी मंत्रीजींसमोर मी काय दाखवू? हमारी तो सारी इज्जत इसी खाली जगह पर खड़ी है."

"तुमच्या आजोबांनी घरी काही सांगितलं नव्हतं का त्या रात्रीबद्दल?"

अनिमेषचा चेहरा जरा खुलला. ही गोष्ट त्याला पाठ होती. "त्या रात्री ते नऊच्या गाडीनं अलाहाबादला गेले, एका मित्राकडे लग्न होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले तर जबलपूर स्टेशनवर पोलीस उभे. इन्स्पेक्टरनं अंक पुढं केला, विचारलं, ये किसने किया? आजोबा दोन मिनिटं नुसते त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, मैंने किया. बस, तिथूनच जेलमध्ये."

सुमेधानं मान हलवली. ऐकायला मोठं बाणेदार वाटत होतं, पण त्यातलं काहीतरी तिला खुपलं आणि काय ते कळेना.

"शुक्रवारी त्या खोलीत बापूदादाशिवाय कोण गेलं होतं?"

अनिमेष थोडा घुटमळला. "विक्की, तो स्कॅनिंगवाला. आणि श्रद्धा. श्रद्धा एकटीच अर्धा तास आत होती."

३

श्रद्धा गच्चीवरच्या खोलीत कागदांच्या ढिगाआड बसली होती. तिशीची, चष्मेवाली, माहेर सिहोऱ्याचं. सुमेधानं आल्याआल्या तोफ डागली.

"बाई, माझा भाऊ उपाशी मरून राहिला. तू फाइल नेली असशील तर सांगून टाक. मी पाया पडते तुझ्या."

श्रद्धा उभीच राहिली. "मावशी, बसा हो. मी काहून नेईन? मला तर ती हवीय. त्या दिवशी अर्धा तास बापूकाकांची वाट पाहून परत आले."

तिनं पाणी दिलं. मग सुमेधानं विचारलं म्हणून पेपरचा सगळा इतिहासच पुढ्यात मांडला. एक्कावन्न साली पेपर निघाला तो कामगारांच्या बाजूचा. कारखान्यात संप झाला की आधी ‘जनपथिक’चा अग्रलेख, मग पुढाऱ्यांची भाषणं. पुढं छपाईच्या कागदाचा कोटा सरकारच्या मर्जीवर आला, तशी धार बोथट झाली. पंचाहत्तरची ती कोरी जागा. सत्त्याहत्तरला सत्ता बदलल्यावर एकदम वाघ. नव्वदीनंतर दिल्ली, मोठ्या जाहिराती, आणि तिथून पुढं ज्याची सत्ता त्याची री.

"लोक म्हणतात, पेपर डावा होता, मग उजवा झाला," श्रद्धा म्हणाली. "मी अडीच हजार अग्रलेख वाचले, मावशी. मला तर डावं-उजवं कमी आणि घाबरणं जास्त दिसलं. साऱ्या पंचाहत्तर वर्षांत एक ती कोरी जागाच होती, जिच्यावर माझा जीव जडला होता. आणि मग सिहोऱ्याला मामाच्या माळ्यावर हा अंक निघाला. तुम्हाला जितका राग आला तितकंच वाईट मला वाटलं."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. पिवळा पडलेला कागद. तीच तारीख, तेच नाव. पहिल्या पानावर दोन स्तंभ भरून विशेष अग्रलेख: देशाला शिस्तीची गरज होती, हे पाऊल उचलल्याबद्दल सरकारचं अभिनंदन. लाज वाटावी असं. खालचा कोपरा उंदरानं कुरतडला होता, त्यामुळं लेखाची शेवटची ओळ आणि लिहिणाऱ्याची सही गेलेली.

म्हणजे बापूदादा खोटं बोलला? तिच्या निबंधापासून सगळंच खोटं?

पण डोळे त्यांचं काम करतच होते. तिनं फोटो मोठा केला, तारखेपाशी नेला, आणि तिथंच थांबली.

"श्रद्धा, खाली अनिमेषच्या भिंतीवर तारखेशेजारी दोन तारे आहेत," ती म्हणाली. "इथं एकच आहे."

४

फाइलींच्या खोलीत विक्की यंत्रावर पानं पालटत बसला होता. उंचापुरा माणूस, दोन मुलांचा बाप, जुने अंक इंटरनेटवर चढवायचे म्हणून स्कॅनिंगचं कंत्राट त्याचंच. चोरीचा विषय काढताच त्याचे हात जोडले गेले.

"दीदी, मेरे बच्चों की कसम. मी तर चौऱ्याहत्तर सालापर्यंतच आलो होतो. पुढच्या हफ्त्यात पंचाहत्तर घेणार होतो, बापूजींना सांगितलंही होतं."

"फाइलीतल्या अंकांवर तारे किती असतात?"

"दो. हर अंक में दो. अब तक जितनी फाइलें कीं, सब में दो."

सुमेधा स्टुलावर बसली. कारखान्यात एकाच नमुन्याचे गोळे दोन पाळ्यांत निघाले, तर ओळखायला वेगळी खूण ठोकतात. इथंही पाळ्या होत्या की. लहानपणी बापूदादा सांगायचा ना, डाक सुटली की आमचा चहा, मग शहराचा अंक. साडेआठला पहिला अंक छापून नऊच्या गाडीनं सिहोरा, कटनीकडे रवाना व्हायचा. ती डाक आवृत्ती, एक तारा. मग रात्री एकला ताज्या बातम्या घालून शहरासाठी दुसरा अंक. त्याला दोन तारे. कार्यालयाच्या फाइलीत शहराचाच अंक लागायचा.

म्हणजे दोन्ही अंक खरे होते. संध्याकाळी कौतुक छापलं गेलं आणि रात्री ते कोणीतरी काढून टाकलं. बापूदादा खोटा नव्हता. तिला इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले.

आता फक्त फाइल हवी होती. ती गेली कुठं? विक्कीला जुन्या कागदाचा लोभ असता, तर त्यानं एकच कशाला नेली असती? श्रद्धाला तर ती वाचायला हवी होती. अनिमेषला गुरुवारसाठी हवी होती. राहता राहिलं कोण?

ती कपाटांसमोरून हिंडू लागली. संगणक येण्याआधीच्या चारशे फाइली, कापडी पाठीवर बापूंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. बापू दर पाडव्याला प्रत्येक फाइलीत कडुनिंबाची नवी पानं घालायचे, कसर लागू नये म्हणून. वर्षातून तो एकच दिवस. यंदाचा पाडवा अजून चार दिवसांवर होता, त्यामुळं ज्या फाइलीला हात लावावा तिच्यातून गेल्या वर्षीचा चुरा भुरभुरत होता. शनिवारी सगळ्यांनी पंचाहत्तरचं कपाट आणि बापूंचं टेबल उलथंपालथं केलं होतं. बाकीच्या फाइली कोण उघडतो?

सुमेधानं एकेक उघडायला घेतली. चार तास झाले, बोटं काळी पडली, विक्कीनं दोनदा चहा आणला. खालच्या फळीवर ‘किरकोळ रविवार पुरवण्या’ लिहिलेली एक जाड फाइल होती. पुरवण्यांच्या वाटेला कुत्रंही जात नसेल. तिनं ती उघडली, आणि तिच्या मांडीवर कडुनिंबाची एक डहाळी पडली. ओली, मऊ, दोन दिवसांपूर्वीची.

चिठ्ठीच्या कडेचा डिंकही अजून चिकट होता. आत जून १९७५ होता.

अठ्ठावीस तारखेला तिथं एक नव्हे, दोन अंक शिवलेले होते. पहिला एका ताऱ्याचा, कौतुकाचा. त्याखाली सही होती, ठसठशीत: भाऊराव किल्लेदार. त्यामागं दोन ताऱ्यांचा, कोरा.

पण सुमेधा सहीकडे पाहत नव्हती. ती डहाळीकडे पाहत होती. चोर असता तर फाइल लपवून पळाला असता. लपवतानाही तिला कसर लागू नये म्हणून जीव टाकणारा माणूस या जगात एकच होता, आणि तो रांझीला देवघरासमोर उपाशी बसला होता.

५

"तूच लपवलीस," ती म्हणाली. उन्हं कलली होती. बापू त्याच खुर्चीत होते.

त्यांनी तिच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मी दिवसभर लोकांच्या पाया पडत हिंडली. त्या पोरीला चोर म्हणून आली. आणि तू. काहून केलंस असं?"

"ती पाहिली असशील तर तुला माहीत आहे काहून ते."

"भाऊरावांनी कौतुक लिहिलं होतं म्हणून? अरे, मग रात्री काढलं ना त्यांनी ते." आणि हे म्हणताम्हणता, सकाळपासून खुपत होतं ते वर आलं. नऊची गाडी. भाऊराव नऊच्या गाडीत होते. एक वाजता ते छापखान्यात नव्हतेच. आणि स्टेशनवर दोन मिनिटं ते त्या कोऱ्या जागेकडे का पाहत राहिले? कारण ती जागा ते पहिल्यांदाच पाहत होते.

"बापूदादा, तू काढलंस ते."

बापूंनी हात लांब करून देवघरातल्या फळीवरची दंतमंजनाची जुनी डबी घेतली. ती डबी उघडायची नाही, असा या घरात पन्नास वर्षांचा नियम होता. सुमेधाला वाटायचं, वडिलांच्या अस्थींची राख असेल. आत सुतानं बांधलेली शिशाच्या खिळ्यांची एक ओळ होती. उलटी अक्षरं. तिनं ती सहज वाचली: भाऊराव किल्लेदार.

"मी तो मजकूर स्वतः जुळवला होता," बापू म्हणाले. "एकेक अक्षर या बोटांनी. चोवीस वर्षं ज्यानं कामगारांसाठी लिहिलं, त्याचा. डाक गेली, ते गेले, आणि मला चहा घशाखाली उतरेना. एक वाजता मी पानाच्या फर्म्यातून, त्या चौकटीतून, सगळा मजकूर उचलला. रात्रपाळीच्या संपादकाला सांगितलं, भाऊरावांचा निरोप आहे, कोरं सोडा. त्यानं मानलं. सगळे खिळे परत खणात टाकले, फक्त नाव टाकवलं नाही. खिशात घालून आलो."

खिसा फाटला होता त्या दिवशी. आईनं तो शिवला होता, हे सुमेधाला आठवलं.

"मग त्यांना पकडलं. कोणाचं काम ते त्यांना रात्रपाळीच्या संपादकाकडून कळलं. मी ठाण्यात जायला निघालो, तर वकिलाकरवी त्यांचा निरोप आला. पोराला सांगा, गप बस, घरी लहान बहीण आहे त्याच्या. एकोणीस महिने, सुमे. पोलीस विचारत राहिले, त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. सुटून आल्यावर एक अक्षर बोलले नाहीत त्यावर. दोन्ही अंक मीच फाइलीत शिवले. पेपर खोटं बोलला तर बोलला, फाइल खोटी नको. पण ती आता त्या मशीनवर चढली, तर सारा देश पाहील त्यांनी काय लिहिलं होतं ते. त्यांनी माझं नाव झाकलं. मी त्यांचं उघडं करू?"

"आणि तू चोर ठरलास तर?"

"ठरू दे."

सुमेधाला रडूही येईना. शेवटी तिनं सौदा केला. फाइल उद्या परत जाईल, पण मजकूर कोणी काढला ते ती बोलणार नाही. बापूंनी तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून वचन घेतलं, मग अर्धा पेला दूध प्यायले. दूधच. जेवणाला नाही म्हणाले.

६

सोमवारी दहाला दहा कमी असताना ती बापूंना हाताला धरून जिना चढवत होती. अनिमेषच्या टेबलावर टाइप केलेली तक्रार तयार होती. श्रद्धा कोपऱ्यात उभी होती. विक्कीनं फाइल आणून मधोमध ठेवली.

सुमेधानं सगळं सरळ सांगितलं. एक तारा, दोन तारे, डाकेचा अंक, शहराचा अंक, पुरवण्यांची खोटी चिठ्ठी, ओली डहाळी. मग तिनं दोन्ही पानं उघडून ठेवली.

अनिमेषनं आजोबांची सही पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "बापूकाका, तक्रार रद्द. गुरुवारी स्टेजवर तुमचा सत्कार. बस, हे एक पान काढून टाकू या. किसको पता चलेगा?"

"फाइलीतलं पान फाडत नसतात, बेटा," बापू म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण अनिमेषनं हात मागं घेतला.

श्रद्धा दोन्ही पानांवर वाकली होती. "म्हणजे भाऊरावांनी रात्रीतून मत बदललं."

"हो," बापू म्हणाले. "बदललं."

इतकं निर्मळ खोटं सुमेधानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. सगळ्यांचं भलं करणारं होतं ते. भाऊराव तरत होते, पेपर तरत होता, मंत्र्यांचा कार्यक्रम तरत होता. फक्त तिचा भाऊ बुडत होता. फाइल लपवणारा म्हातारा, एवढीच त्याची नोंद राहणार होती त्या इतिहासात. तिच्या हाताला अजून त्याच्या डोक्याचा स्पर्श होता. वचन म्हणजे वचन. काढलं कोणी ते ती बोलणार नव्हती.

"अनिमेष," ती म्हणाली, "ती तुमच्या आजोबांची स्टेशनवरची गोष्ट श्रद्धाला एकदा सांगा ना. पुस्तकात पाहिजे."

बापूंनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर ती विसरणार नव्हती.

अनिमेष सांगू लागला. नऊची गाडी, अलाहाबादचं लग्न, परत येताना स्टेशन, इन्स्पेक्टरनं पुढं केलेला अंक, ती दोन मिनिटं. सांगतासांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. अर्ध्यावर तो थांबलाच. श्रद्धानं चष्मा काढला.

"ते नऊच्या गाडीत होते," ती म्हणाली. "मग एक वाजता इथं कोण होतं?"

विक्कीनं बापूंसाठी खुर्ची पुढं सरकवली. बापू बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"त्यांनी एकोणीस महिने माझं नाव सांगितलं नाही," ते म्हणाले. "मारलं तरी नाही सांगितलं. तुम्ही लोक एका सकाळीत काढून घेता."

सुमेधानं पर्समधली डबी काढून अनिमेषपुढं ठेवली. त्यानं ती ओळ हातात घेतली, उलटसुलट केली. त्याला वाचता येईना. श्रद्धानं वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं तक्रारीचा कागद फाडला.

"बापूकाका, हे सगळं छापू? दोन्ही पानं? तुमचं नाव?"

"आजोबा तुझे आहेत," बापू डोळे पुसत म्हणाले. "तू ठरव."

७

गुरुवारी पाडवा. सुमेधानं पहाटेच गुढी उभारली. पेपर पडल्याचा आवाज झाला तशी ती पायऱ्या उतरून धावली.

पहिल्या पानावर कोऱ्या जागेचा फोटो होता. वर मोठ्या अक्षरात, निर्भीड परंपरेची पंचाहत्तर वर्षं. शेजारी मंत्र्यांचा शुभसंदेश. भाऊरावांनी सत्तेपुढं मान झुकवली नाही, वगैरे. दुसरं पान नाही. बापूंचं नाव नाही. तिनं आतली सगळी पानं दोनदा चाळली आणि पायरीवरच बसली.

बापूंनी पेपर पाहिला, घडी घातली. "बरं झालं," म्हणाले, आणि पुन्हा देवघरासमोरच्या खुर्चीत गेले. सोमवारपासून माणूस दुधावर होता.

अनिमेषला तिनं तीनदा फोन लावला. चौथ्यांदा त्यानं उचलला. "रात को ग्यारह बजे दिल्ली से फोन आया, मावशी," एवढंच म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला मावशी म्हणाला होता. मग त्यानं फोन ठेवला.

आठ वाजता श्रद्धाचा फोन आला. ती सणाला सिहोऱ्याला गेली होती. "मावशी, तुमच्या अंकावर तारे किती आहेत?"

"दोन."

"इथं एक आहे. तुम्ही या. लगेच या, संपायच्या आत."

सुमेधा नेसत्या साडीनं बसमध्ये बसली. सिहोऱ्याच्या बसस्टँडवर श्रद्धा चार अंक छातीशी धरून उभी होती. दुपारी दोनला सुमेधा घरी परतली आणि अंक तिनं बापूंच्या मांडीवर ठेवला.

बापूंनी आधी तारा पाहिला. एक. मग खाली पाहिलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी छापली होती, भाऊरावांच्या सहीसकट. खाली चार ओळी होत्या. रात्री एक वाजता हा मजकूर उचलून जागा कोरी सोडणारा हात जुळारी बापू पांढरीपांडे यांचा होता. संस्थापकांनी त्याचा दोष स्वतःवर घेतला आणि शिक्षा भोगली. आमच्या पेपरनं हे सांगायला एक्कावन्न वर्षं लावली, याची आम्हाला लाज वाटते. खाली नाव, अनिमेष किल्लेदार.

बापूंनी त्या ओळी बोट फिरवत वाचल्या. पुन्हा वाचल्या. भाऊरावांच्या सहीवर त्यांचं बोट जरा थांबलं.

"सिहोरा, कटनी, नरसिंगपूर," ते म्हणाले. "डाकेचा अंक तिकडं सगळीकडं गेला असेल."

"गेला."

"आणि रात्री काढलं कोणीतरी." ते थोडे हसल्यासारखे झाले. "आता काय, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की झालं. हाताला वजनसुद्धा लागत नसेल बिचाऱ्याच्या."

ते उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले, गुढीच्या कडुनिंबाची एक डहाळी तोडली आणि अंकाच्या घडीत घातली. अंक देवघरातल्या फळीवर ठेवला, डबी असायची तिथं. मग आत येऊन पाटावर बसले.

"सुमे," ते म्हणाले, "वाढ आता. भूक लागली आहे."